पंढरीच्या परसातली पानं

ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमागे जुना पाडा आहे. त्याच्या टोकाला पंढरी भोईराचं घर. परसात शिरलं की आधी भाजी दिसत नाही, चिंध्या दिसतात. वांग्याला चिंधी, वालाला चिंधी, कारल्याच्या मांडवाच्या चारी खांबांना चिंध्या. ज्याच्यावर औषध मारलं त्याला चिंधी बांधायची आणि ती सोडेपर्यंत तिथलं पानसुद्धा तोडायचं नाही, हा त्याचा कायदा. औषध म्हणजे तरी काय, तंबाखू भिजवलेलं पाणी. कधी नुसती चुलीतली राख. पण राख टाकली तरी तो चिंधी बांधतो.

"राखेला भितंय पंढरी," पाड्यातले म्हणतात. "उद्या पावसाला पन चिंधी बांधल."

तो हसत नाही आणि रागावतही नाही. कुठल्या झाडावर कधी मारलं, ते त्याला तिथीसकट पाठ असतं. विचारलं तर सांगतो. न विचारता जास्त सांगतो.

सत्तावन्न सालापर्यंत तो असा नव्हता.

त्याची तीस वर्षं मिठागरात गेली. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, तुडवायचं, ओढून रास घालायची. तिथं माप नसे. पाणी किती, ते तळव्याला कळायचं. मीठ धरलं की नाही, ते जिभेला. असा जगलेला माणूस पुढे सगळंच हाताच्या अंदाजानं करतो. पायाच्या भेगा भरेनाशा झाल्या तेव्हा त्यानं मिठागर सोडलं, घरामागच्या खारट तुकड्यावर तळ्याचा गाळ आणून टाकला आणि भाजी लावली. जिथं गवत उगवत नव्हतं तिथं त्या वर्षी लाल भोपळ्याचा वेल चढून कौलांवर गेला. पंढरी उठायचा तो त्या वेलाखाली जाऊन उभा राहायचा.

श्रावण संपता संपता त्यावर तांबडे भुंगे पडले. पानांची चाळण होऊ लागली. राख टाकून झाली, पहाटे हातानं वेचून झालं. मग तो कल्याणच्या बाजारात गेला. एका बियाणेवाल्यानं मोठ्या डब्यातून तपकिरी औषध खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं. त्याला लसणीसारखा उग्र वास होता. "बादलीभर पाण्यात टोपणभर. हात धुवा," एवढं दुकानदार बोलला. मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही, हे तो बोललाच नाही की पंढरीनं ऐकलं नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बाटलीवर कागद खोकल्याच्या औषधाचा होता.

त्याची बायको सगुणा तेव्हा मुंब्र्याला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात तो एकटा. हरताळकेच्या दिवशी सकाळी त्यानं बादली भरली आणि बाटली कलती केली. टोपण बाजूला राहिलं. वास जरा कमी वाटला म्हणून आणखी थोडं ओतलं. केरसुणी बुडवून तो वेलावर शिंपडत राहिला, खालून वर, वरून खाली. अंगावर ओघळ आले ते त्यानं तसेच वाळू दिले. भोपळे अजून मुठीएवढे होते, दसऱ्यापर्यंत कुणी तोडणार नव्हतं. त्याच्या हिशेबानं त्या वेलावर खाण्यासारखं काहीच नव्हतं.

भोपळ्याची पानं खातात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तो स्वतः दर वर्षी खात आला होता. पण ती ताटात, शिजलेली. वेलावर असताना ती त्याला फक्त पानं होती.

दुपारी त्याच्या डोळ्यांपुढे अंधुक झालं. तोंडाला लाळ सुटली, दंडातली एक शीर आपली आपण नाचत राहिली. ऊन लागलं असेल म्हणून तो आतल्या खोलीत पडून राहिला. चतुर्थीलाही उठला नाही. भुंगे मात्र सगळे मरून खाली पडले होते.

पंचमीला सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. परसात आपसूक येतं, हातानं लावलेलं असतं, तेवढ्याचीच भाजी करायची. त्या दिवशी बायका एकमेकींच्या परसात जातात. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. म्हणायचं असतं हेच कुणाला माहीत नाही.

"पंढरी, भोपल्याची पाना नेतंय रं!" शेजारची आवडाबाई ओरडली. म्हातारी होती, विधवा. पंढरीची आई गेल्यावर सगुणाच्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच शेक दिला होता.

"ने गो आये," पंढरी आतून म्हणाला. डोकं दुखत होतं. त्यानं कूस बदलली.

आवडाबाईच्या सुनेनं, चंद्रभागेनं, भाजी रांधली. व्रत सासूचं, म्हणून सासू आधी जेवली. मुलगा आनंदा पॉवरहाऊसमध्ये पाळीवर होता. ताट संपलं आणि घटकाभरात म्हातारी घामानं भिजली. ओकली. तोंडातून फेस येऊ लागला, डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली. पंढरी आरडाओरडा ऐकून गेला तेव्हा तिचा दंड थरथरत होता. ती शीर त्यानं ओळखली.

बैलगाडी जुंपून कल्याणच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेतच, दिवे लागायच्या सुमाराला, ती गेली. बहुधा पटकी असेल, असं गाडीतले म्हणाले.

पण पटकी दुसऱ्या कुणालाच झाली नाही. त्याच संध्याकाळी चंद्रभागा विटाळशी होऊन बाहेर बसली, आणि पाड्याला कारण सापडलं. ऋषिपंचमीचं व्रतच मुळी विटाळाच्या दोषासाठी. गोदा नावाची एक थोराड बाई सगळ्यांच्या पुढे होती. "सकालीच बसली असल ती. लपवलान. त्याच हातानी रांधलान. ऋषी सोडतील व्हय? अन् बगा, ही सोता जेवली पन नाय!"

चंद्रभागा एवढंच म्हणत राहिली, "सकाली नव्हता गो काय. खरंच नव्हता." सुतक फिटलं की तिला दिवा गावाला, माहेरी पाठवायचं, ठरलं. आनंदा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. परत आणायचं कधी, हे कुणी विचारलं नाही.

तेरा दिवस पंढरी गप्प राहिला. काय बोलायचं ते त्याला रोज सकाळी माहीत असे. मग कुंपणाशी तीच हाक येई, पाना नेतंय रं, आणि त्याचं तोंड आपसूक उघडून म्हणे, ने गो आये. ती हाक आणि ते उत्तर, दोन्ही ऐकलेला माणूस आता तो एकटाच होता. वेल मात्र मातला होता. भुंगा नाही, भोक नाही, पानं सुपाएवढी. वारा आला की कौलांवर ती सगळी एकदम हलत.

चौदाव्या दिवशी चंद्रभागेचा भाऊ नाथा आला. तिनं ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली. तेव्हा पंढरी बाटली घेऊन त्यांच्या अंगणात गेला.

"थांब रं नाथा. तिचा काय चुकला नाय. इख माज्या येलावर होता."

"कनचा इख?" गोदानं विचारलं.

"भुंग्यांचा औषध. मी मारलेला. आयेनी इचारला, अन् मी बोललो, ने."

गोदा हसली. "पाना खाऊन मानूस मरतं? मग बकऱ्या कशा जगतात गो बाय! बायको मुंब्र्याला, अन् याला शेजारची सून दिसली."

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आनंदा मान वर न करता म्हणाला, "काका, तू घरी जा. तुजा येल बग कसा हिरवा हाय. इख असता तर येल आदी जलला असता."

ते खरंच होतं. पंढरीनं एकदा कौलांकडे पाहिलं. त्यानं बाटलीचं टोपण काढलं.

"पी मग," गोदा म्हणाली.

त्यानं बाटली उचलली. ओठापर्यंत गेली असेल नसेल, चंद्रभागेनं पुढे होऊन त्याच्या मनगटावर चापट मारली. बाटली खाली पडून फुटली. लसणीचा वास अंगणभर पसरला. ओल्या मातीतून दोन गांडुळं वळवळत वर आली. कोंबड्या धावल्या. पहिलीनं गांडूळ गिळलं, दोन पावलं गेली आणि आडवी झाली. तिचे पंख फडफडले, चोचीतून फेस आला.

"आयेच्या तोंडाला असाच होता," चंद्रभागा म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

गोदा मागे सरली. नाथानं बहिणीकडे पाहिलं. आनंदा उठला, ट्रंक उचलून आत घेऊन गेला. पंढरीला मारील असं वाटलं होतं. त्यानं मारलं नाही, पोलिसांत गेला नाही. तेव्हापासून त्याच्याशी बोललेलाही नाही.

पंढरीनं हाताला जुनं कापड गुंडाळून काचा वेचल्या, ओली माती खरवडली, मेलेली कोंबडी घेतली. विहिरीपासून लांब, छातीएवढ्या खड्ड्यात चुन्याखाली सगळं पुरलं. वेल उपटून तोही पुरला, बकरीनं तोंड लावू नये म्हणून. मग हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. सगुणा परत आली तेव्हा सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "मी घरात असते तर बोलले असते, आये, आज पाना नको." तेवढंच. पण त्याला ते रोज ऐकू येतं.

पुढच्या ऋषिपंचमीला त्याच्या परसात कुणी आलं नाही. माठाची भाजी जून होऊन गेली. यंदा मात्र चंद्रभागा आली. व्रत आता तिनं घेतलंय. टोपली घेऊन कुंपणाशी उभी राहिली.

"काका, कंची पाना नेऊ?"

पंढरीनं चिंधी नसलेला माठाचा वाफा दाखवला. मग स्वतःच वाकला, एक पान तोडून चावलं, गिळलं आणि हातानं तिला थांब म्हणून खूण केली. ती थांबली. ऊन अंगणातून ओट्यावर आलं. सगुणानं दारातून पाहिलं आणि आत गेली. त्यानं मान हलवल्यावर चंद्रभागेनं टोपली भरली आणि ती गेली.

तो जेवला नाही. ओट्यावर बसून राहिला. पलीकडे भांडी वाजली, जेवायचा पाट सरकला, मग बराच वेळ काहीच नाही. दुपार कलल्यावर पलीकडून खोकला आला. पंढरी उठून कुंपणाशी गेला. आत चूल पेटली होती, धूर कौलांतून निघत होता आणि चंद्रभागा फुंकणीनं फुंकता फुंकता खोकत होती.

धुराचाच खोकला होता. तरी तो थांबेपर्यंत पंढरी तिथून हलला नाही.