पहिलं बरं की दुसरं?

काहीही ठरवायला माझ्या भाचीइतका वेळ लावणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे, आणि ते जन्माला यायलाही वेळच लावणार याची मला खात्री आहे. ती स्वतः डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी आली. शिकागोच्या त्या बर्फात हॉस्पिटलच्या चकरा मारून आम्ही सगळे मेटाकुटीला आलो होतो. ताई म्हणाली, "आत बसून विचार करतेय वाटतं, यावं की नको." ताईने ते गमतीत म्हटलं होतं, पण पुढे सगळं तसंच झालं. आइस्क्रीमच्या दुकानात ही एकेक चव चमच्यावर घेऊन चाखत राहायची, मागची रांग दाराबाहेर जायची, आणि शेवटी "मामा, तूच सांग ना," म्हणून माझ्या दंडाला लोंबकळायची. मी आंबा सांगितला की घर येईपर्यंत गाडीत एकच चर्चा, पिस्ता घ्यायला हवा होता का.

ताईच्या पन्नाशीला साडी घ्यायची म्हणून एकदा मी तिला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात नेलं. दुकानदाराने आधी कौतुकाने, मग नाइलाजाने आणि नंतर नुसतंच यंत्रासारखं अर्धं दुकान आमच्यापुढे उलगडलं. शेवटी एक मोरपंखी आणि एक जांभळी अशा दोन उरल्या. त्या दोघींकडे ती इतका वेळ बघत बसली, की बाहेर माझ्या गाडीला पार्किंगचं तिकीट लागलं. "अगं, घे ना कुठली तरी!" मी वैतागून म्हणालो. "मामा, दोन्ही छान आहेत, and that's the problem," ती म्हणाली. आम्ही साडीशिवाय परत आलो. हातात फक्त जिलब्या होत्या, आणि त्याही मीच घेतलेल्या.

तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, बरोबर उलट. नागपूरहून इंजिनिअर होऊन इथे आलेला हा माणूस, विचार करणं हे कमी हुशार लोकांचं काम आहे अशा थाटात जगला. ताईला बघायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत त्यांनी होकार दिला. इथे घर घेताना पहिलं दाखवलं तेच घेतलं, त्याचं तळघर गळतं हे नंतर कळलं आणि तेही त्यांनी लगेच मान्य करून टाकलं. मुलगी डॉक्टर होणार हे बारशाच्या दिवशीच ठरलं. तिला कधी काही ठरवायला शिकायची वेळच आली नाही, असं माझं मत आहे, पण ते मी ताईपुढे कधी बोललो नाही. दाजींनी सांगितलं म्हणून कॉलेजात तिने बायॉलॉजी घेतलं, आणि बाजूने कुंभारकाम, खगोलशास्त्र, जपानी भाषा असं काय काय चाखून बघत राहिली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची जाडजूड पुस्तकं दाजींनी आणून तिच्या टेबलावर रचली होती. त्यांच्यावर तिने कॅक्टसची कुंडी ठेवली होती.

रिटायर झाल्यापासून दाजी मात्र जरा बदलले होते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी शेजारून हाक मारली तरी वळत नसत, आणि लोक म्हणायचे की दाजी शिष्ट झाले. दुकानात त्यांची ट्रॉली दुसऱ्यांच्या ट्रॉल्यांवर आदळायची, खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. डोळ्यांची शंका कुणालाच आली नाही, कारण दाजींचा चष्मा कायम नवा असायचा. आपल्या लोकांची ही रीतच आहे. इथल्या डॉक्टरची वेळ कोण घेत बसणार? भारतात गेलं की ब्लाउज शिवायचे, दात साफ करून घ्यायचे आणि नेहमीच्या दुकानातून चष्मा करून आणायचा. दुकानातला माणूस ओळखीचा, तो नंबर चोख काढतो, चहा पाजतो, आणि दुसऱ्या दिवशी चष्मा तयार. नंबर बरोबर म्हणजे डोळे बरोबर, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. डोळ्यांच्या आतला दाब कधी कुणी मोजला नाही, मोजायचा असतो हेही आमच्या गावी नव्हतं.

भाचीच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला नुकती सुरुवात झाली होती. गणपती ताईकडे, त्याच गळक्या तळघरात बसले होते. भाची नेहमीप्रमाणे उशिरा, आरती संपता संपता उगवली, म्हणून निरांजनाचं तबक सगळ्यांपुढे फिरवायचं काम तिच्याकडे आलं. ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावत एकेक जण बाजूला होत होता. दाजी डोळे उघडे ठेवून, हात जोडून मूर्तीकडे बघत उभे. तिने डावीकडून तबक पुढे केलं. दाजी हलले नाहीत. "बघा कसे तल्लीन झालेत!" एक काकू हळूच म्हणाल्या, आणि दोघा-तिघांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. मीही डोलावली. भाचीने मात्र तबक उजवीकडे नेलं. दाजींचे हात लगेच ज्योतीवर आले. ती परत डावीकडे गेली. ज्योत त्यांच्या कानशिलाजवळ जळत होती आणि दाजींना तिचा पत्ता नव्हता. तिचा चेहरा मी पाहिला आणि माझी डोलणारी मान थांबली.

त्याच आठवड्यात तिने त्यांना हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि तो फार पुढे गेलेला. डाव्या डोळ्याचं जवळजवळ सगळं गेलं होतं, उजव्याच्या कडा झिजत चालल्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची, इतकंच डॉक्टर म्हणाले. दाजींनी गाडीच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. हाही निर्णय त्यांनी ताबडतोब घेतला.

आणि त्याच टेबलाशी, किल्ल्या तिथेच पडलेल्या असताना, माझ्या भाचीने आयुष्यातला पहिला झटपट निर्णय घेतला. मेडिकल नाही, ऑप्टोमेट्री. म्हणजे डोळे तपासायचे, नंबर काढायचे, आणि आत काही बिघडतंय का ते वेळेत ओळखायचं. त्याची परीक्षा वेगळी, कॉलेजं वेगळी, सगळेजण कधीपासून तयारीला लागलेले आणि ही आता उठलेली.

"डॉक्टर व्हायचं सोडून चष्मे विकणार?" दाजी म्हणाले.

"बाबा, कुणीतरी वेळेवर बघायला हवं होतं. कुणीच बघितलं नाही."

"माझ्यासाठी तू तुझं आयुष्य वाया घालवणार? मला नकोय ते. माझ्या डोळ्यांचं ओझं तुझ्यावर नकोय."

"It's not for you, बाबा. तुमचं गेलेलं मी आणू शकत नाही, I know that. पण मला कधी काही इतकं लगेच कळलं नव्हतं. पहिल्यांदाच मी कन्फ्यूज्ड नाहीये."

दाजी उठून गेले. त्यांचा खांदा चौकटीला लागला.

ती अभ्यासाला लागली. टेबलावर नवी पुस्तकं आली, कॅक्टस खिडकीत गेला. उशिरा ठरवल्यामुळे एकेका कॉलेजचा नकार येत गेला आणि दर नकाराला दाजी "हं" एवढंच म्हणायचे. त्या "हं"मध्ये समाधान होतं की दुःख, ते मला अजून सांगता येणार नाही. एका मुलाखतीत तिला विचारलं, हे इतक्या उशिरा का सुचलं? मग ही त्यांना निरांजन समजावत बसली. "मामा, ते म्हणाले, fire? Inside the house?" फोनवर ती हसत हसत सांगत होती, आणि सांगता सांगता रडायला लागली. त्याच कॉलेजने तिला घेतलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला येते ती बॅगभर भिंगं घेऊन, आणि आम्ही सगळे तिचे पेशंट. ज्या मुलीला आंबा की पिस्ता ठरवता आलं नाही, ती आता येईल त्याला खुर्चीत बसवते, नाकावर जडशी फ्रेम चढवते, तिच्यात एकेक काच घालते आणि विचारते, "पहिलं बरं की दुसरं?" आपण रेंगाळलो की "मामा, विचार नको करू, पटकन सांग!" म्हणून दटावते. हे मी ऐकून घेतो, दुसरं काय करणार?

दाजी कधी त्या खुर्चीत बसले नव्हते. मागच्या गणपतीत, तळघरात आरास काढताना, ते आपणहून येऊन बसले. त्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या डोळ्यात आता उजेडसुद्धा उरलेला नाही. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाचीने उजवा डोळा तपासला, दाजींनी नेहमीसारखी फटाफट उत्तरं दिली. ती फ्रेम काढायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"दुसरा डोळा राहिला की गं. काम अर्धवट सोडायचं नाही, डॉक्टर."

डॉक्टर. हा शब्द त्यांनी तिला पहिल्यांदाच लावला होता. माझ्या हातातली माळ तशीच राहिली. भाचीने उजव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली, आणि आता दाजींपुढे सगळाच अंधार होता. तिने डावीकडे एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "पहिलं बरं," तिने विचारलं, "की दुसरं?"

पोहे संपायच्या आत होकार देणारे आमचे दाजी विचार करत बसले. खूप वेळ बसले. त्यांनी परत दाखव म्हटलं, तिने परत दाखवलं.

"ठरवता येत नाही गं," ते म्हणाले. "दोन्ही छान आहेत."