गणूतात्यांचा रविवार

शेटजींनी गणूतात्यांना फसवलं. रविवारची दीडपट मजुरी देतो असं तोंडाने कबूल केलं, हरिपूरचं हळदीचं पेव उपसून घेतलं आणि संध्याकाळी साधा रोज हातावर ठेवला. तो सौदा मी ठरवला होता. आमच्या हमालांच्या टोळीतला बोलका माणूस मीच.

पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. महिनोन्‌महिने बंद राहिल्याने आतली हवा मरते. म्हणून तोंड उघडलं की गणूतात्या आधी दोरीने कंदील आत सोडायचे. ज्योत टिकली तर उतरायचं, विझली तर थांबायचं. लढाईमुळे रॉकेल रेशनवर होतं, तरी या कंदिलाचं तेल ते घरच्या दिव्यातून वाचवत. "घरात अंधार चालतुया, पेवात न्हाई," म्हणायचे.

अंगाने काटकुळे, आणि कानामागेसुद्धा पिवळे. कितीही घासलं तरी तो रंग जात नसे. कुणी हसलं तर म्हणायचे, "माझ्या लग्नाची हळद अजून उतरली न्हाई. बायकूला इचारा."

उघडलेलं पेव तसंच सोडून जायचं नाही, ही आमची रीत. ओल लागली तर माल जातो. शेटजी ही रीत ओळखून होते. शनिवारी दुपारी तोंड उघडायला लावायचे, म्हणजे रविवार आपोआप त्यांचा. त्याची दीडपट मजुरी ही जुनी वहिवाट, आणि आता तीच त्यांना बंद करायची होती.

पेढीवर या गोष्टीवरून वाद झाला. शेटजी म्हणाले, "रविवार काय आणि सोमवार काय, पोतं तेवढंच जड."

तात्या म्हणाले, "पोतं तेवढंच हाय, शेटजी. पर रविवारी तुमी पोराबाळांत बसून जेवता. तसं आमाला बी बसावं वाटतंय. ते सोडून येतो, त्येचं ज्यादा."

शेवटी 'या रविवारची देतो' एवढं मी शेटजींकडून वदवून घेतलं, आणि ते संध्याकाळी कसे फिरले ते वर लिहिलंच आहे. उलट "असं मी बोललोच नाही," म्हणाले. टोळीतले दोघे माझ्याकडेच संशयाने बघू लागले.

पुढच्या शनिवारी मी तात्यांना म्हणालो, "कंदील आपणच विझवू. हवा वाईट हाय म्हणू. माल अडकला की शेटजी वळणावर येतील."

"आज कंदील खोटं बोलला, तर खरी वाईट हवा आसल तवा त्येचं कोण ऐकंल, दादू? सरळ सांगू. शनिवारी तोंड उघडत न्हाई. सोमवारी उघडू."

मला राग आला. असा सौदा कोण करतं?

शेटजींनी जतकडची सहा माणसं आणली. रविवारी सकाळी त्यांनी तोंड उघडलं. आम्ही पलीकडे बाभळीखाली बसलो होतो. एकाने आत पाय सोडला. मी मनात म्हणालो, उतरू दे, अद्दल घडेल. तात्या तोवर कंदील घेऊन पळाले होते.

"थांब रं गड्या. पाय वर घे."

कंदील निम्म्या दोरीलाच विझला. तो माणूस पाय वर ओढून काठावर बसला. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई," म्हणाला.

तात्यांनी त्याला आपली भाकरी दिली. "हवा खेळू द्या. दुपारी परत बघू, मग उतरा. मी हाय हितंच."

"मग तुमी का काम सोडून बसलाय?"

तात्यांनी सांगितलं, तेही आवाज न चढवता. ते सहा जण बाजूला जाऊन बोलले आणि सरळ शेटजींसमोर उभे राहिले. "दीडपट दिल्याबिगर आमी बी उतरत न्हाई."

पेव उघडं, आभाळ भरलेलं, स्टेशनात वॅगन लागलेली. शेटजींनी कबूल केलं, आणि या वेळी पाळलं. पुढे ते सहा जण आमच्याच टोळीत आले. फसवलेल्या रविवारचं मात्र शेटजी कधीच बोलले नाहीत. तात्या मला म्हणाले, "सोड की. पुढचे रविवार आले न्हवं?" मी सोडलं नाही.

तात्या गेल्या वर्षी गेले. खांदा द्यायला जतकडचे सहाही होते. आज माझी स्वतःची अडत आहे, व्यापाऱ्यांच्या बैठकीत मला खुर्ची आहे. परवाच्या बैठकीत शेटजींच्या चिरंजीवांनी रविवारची दीडपट बंद करण्याचा ठराव मांडला. मी विरोधात हात वर केला. मागे वळून पाहिलं तर आणखी चार हात वर होते. निकाल पुढच्या बैठकीवर गेला आहे.

तोपर्यंत चिरंजीवांनी एका रविवारी हरिपूरला यावं. दोरी मी धरतो. पेवात उतरून त्यांनी एक पोतं भरून वर द्यावं. मग सगळ्या पेठेसमोर उभं राहून सांगावं, की वडिलांनी त्या पहिल्या रविवारी दिलेला शब्द मोडला तो कशासाठी, आणि ज्या माणसांनी तो पुढे पाळायला लावला त्यांच्या ताटातलं आता आपण कोणत्या तोंडाने काढून घेतो.