उपरण्याखालचा सौदा

सोलापूर स्टेशनवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आण्णांनी माझा उजवा हात धरला आणि त्यावर आपलं उपरणं टाकलं. माझे वडील सांगोल्याच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करत. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली समोरच्याची बोटं दाबून सांगतात. आण्णांनी माझी दोन बोटं दाबली. म्हणजे दोन वर्षांत परत ये. मी त्यांची पाचही बोटं धरली, म्हणजे पाच वर्षं. त्यांनी हात काढून घेतला. हात काढून घेतला की सौदा मोडला. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडं पाठ करून उभे होते.

त्या पाठीचा राग मी अठरा वर्षं सांभाळला. अमेरिकेत मोटेलमधल्या चादरी बदलल्या, मग फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर फुटपाथवर टोप्या विकल्या, आता तिथंच माझं दुकान आहे. आमच्या शहराच्या संघाच्या रंगाचे टॉवेल मी सोलापुरात विणून घेतो. संघ जिंकायला लागला की अख्खं स्टेडियम ते टॉवेल डोक्यावर गरगर फिरवतं. अधूनमधून मी गावी जायचो, पण पाहुण्यासारखा. चार दिवसांत आण्णांचं आणि माझं वाजायचंच.

आमचं जमलं ते अमेरिकेतल्या या फुटबॉलवर. इथं चेंडू पायानं कमी आणि खांद्यानं जास्त खेळतात. माझ्या धाकट्या भावानं, भीमानं, फोनवर एक सामना दाखवला तर आण्णा म्हणाले, "ह्ये तर एडक्यांच्या टकरी हायत की!" तेव्हापासून दर सोमवारी सकाळी खाटेवर बसून ते भीमाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायचे. "काय रं, तुझं एडकं जिंकलं का हरलं?"

यंदा पहिले तीन सामने आम्ही जिंकलो. सगळं शहर वेडं झालं होतं. आण्णांनी मात्र आमच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याची, चाल दोनतीनदा बघितली.

"त्यो डावा पाय टाकताना कचरतोय. बसनार बग."

"आण्णा, हा काय सांगोल्याचा बाजार नाही," मी भडकलो. "दहा डॉक्टर आहेत त्याच्यामागं."

"असू देत की. माजं ऐक, तू दिवाळीला ये."

"सीझन सुरू आहे. जानेवारीत येतो."

"जानेवारी लई लांब हाय रं."

मला वाटलं, म्हातारा घासाघीस करतोय. मी माझ्या शब्दावरून हललो नाही. तेवढंच मला आयुष्यात नीट जमलंय.

पुढच्या महिन्यात तो गडी खरंच गुडघा धरून मैदानात बसला. त्यानंतर आम्ही हरतच गेलो. दुकानात टॉवेलांचे गठ्ठे तसेच राहिले. आण्णांचे फोन आखूड होत गेले. मला वाटलं, आपलं खरं झालं म्हणून गप्प बसलेत.

दिवाळीनंतर आठच दिवसांत ते गेले. मी पोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती. मांडीच्या हाडात गाठ होती आणि उन्हाळ्यापासून त्यांना धड चालता येत नव्हतं. समोरचा व्यापारी खोटं बोलतोय हे मला फोनवर आवाजावरून कळतं. पण माझा बाप दर सोमवारी खाटेवर बसूनच का बोलतो, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. परक्या पोराचं लंगडणं त्यांनी सात समुद्रांपलीकडून ओळखलं होतं.

भावकीसमोर मी भीमाची गचांडी धरली. "मला का नाही कळवलंस?"

"त्यांनीच शपथ घातली की, दादा! 'त्याचा हंगाम चाललाय, त्याला हलवू नगंस,' म्हनले."

भीमा शाळेत कारकून आहे, बाजार त्याला ठाऊक नाही. रात्री शांत झाल्यावर तो म्हणाला, "शेवटी त्यांची वाचा गेली हुती. चादरीखाली माजा हात धरला, पाची बोटं घट्ट. मला वाटलं, पानी पायजे."

पाणी नको होतं त्यांना. अठरा वर्षांनी त्यांनी माझा भाव मान्य केला होता, आणि त्या कापडाखाली हात माझा नव्हता.

भीमा, तू हे वाचशील. माझा राग अजून गेलेला नाही. तुझ्यावरचा किती आणि माझ्यावरचा किती, ते मला वेगळं करता येत नाही.

जानेवारीतला शेवटचा सामना मी स्टेडियममध्ये जाऊन बघितला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, बर्फ भुरभुरत होता. आम्ही तोही हरलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या दुकानातला टॉवेल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी." इथं सगळे तेच म्हणतात. जे आपलं गाव सोडून आलेत तेही दर वर्षी घरी तेच सांगतात. मी खांद्यावरचं आण्णांचं उपरणं काढलं, हातांवर पसरलं, आणि त्याखाली माझ्याच डाव्या हाताची, आण्णांनी मागितली होती तेवढीच, दोन बोटं दाबून धरली. माझ्यासाठी घर आता तेवढंच आहे. माणसं उठून गेली तरी मी ती बोटं सोडली नाहीत.