केबिनच्या पत्र्यावरची थाप

आधीच सांगून टाकते, मी अंगारे-धुपारे, नजर-बिजर यातली बाई नाही. माझ्या माहेरी लिंबं फक्त सरबतासाठी आणि लोणच्यासाठी यायची, आणि लग्नानंतरही माझं मत काही बदललं नाही. या ग्रुपवर गेलं वर्षभर मी सगळ्यांचे अनुभव वाचते, निम्म्यांना मनातल्या मनात हसते आणि लगेच पुढचा वाचायला घेते. त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही... फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. आम्ही तेव्हा वसई पूर्वेला गोखिवऱ्यात राहत होतो. डोंगराच्या पायथ्याशी बैठ्या घरांची एक रांग होती, त्यातलं अगदी शेवटचं, वरच्या अंगाचं घर आमचं. घरापुढे सपाट अंगण, आणि अंगण संपलं की लगेच गल्लीचा उतार — सरळ, कुठेही वळण नाही. उतार संपतो तिथे आडवा रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे शाळेचं फाटक. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे म्हणजे विलास, आठ वर्षांची मंजू आणि सासूबाई. हे जवळच्याच एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला. दोन महिने ह्यांनी घरी बसून पेपर वाचले आणि तिसऱ्या महिन्यात एके दिवशी राजोडीहून एक जुनी पिकअप घेऊन आले. घेऊन आले म्हणजे दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली. कारखान्यातून शेवटी जे काही हातात आलं होतं ते सगळं त्या गाडीत गेलं होतं. गोखिवऱ्यातल्या गाळ्यांचा माल पोचवायचा, असा बेत होता. मी तोंडाने "छान आहे" म्हटलं आणि आत जाऊन कुकरच्या शिट्टीच्या आवाजात रडून घेतलं. ही गाडी चालली नाही तर परत गावाला जावं लागेल, हे मला पक्कं माहीत होतं.

गाडी मासळीची होती. राजोडीचे काशिनाथकाका बारा वर्षं तिच्यातून मासळी बाजाराला न्यायचे. बायको वारल्यावर त्यांनी धंदा सोडला आणि गाडी काढून टाकली, एवढंच ह्यांनी मला सांगितलं होतं. वास इतका की पहिले आठ दिवस आळीतली सगळी मांजरं आमच्या अंगणात मुक्कामाला होती. बर्फाचं खारट पाणी झिरपून झिरपून मागच्या हौद्याचा पत्रा पापडासारखा झाला होता. सासूबाईंनी एकदाच गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाल्या, "विलास, ही विकत घेतलीस की कोणी तुझ्या गळ्यात घातली?"

पण ह्यांच्या हातात जादू आहे, हे मला मान्य करायलाच हवं. पावसाळाभर अंगणात ताडपत्री बांधून ह्यांनी ती गाडी सुटी सुटी केली. माझी शिलाई मशीन दाराशी होती, त्यामुळे हाक मारली की मी हजर. चार महिन्यांत मला मसाल्याच्या डब्याइतकीच पान्यांची पेटी पाठ झाली. हौद्याला नवा पत्रा बसला, इंजिन धूर सोडत का होईना पण सुरू झालं. सगळ्यात शेवटी ह्यांनी गाडीच्या पोटाखाली झोपून इकडून तिकडे काळा रंग फासला. "आता खालून मीठ काय करतं ते बघू," असं मोठ्या ऐटीत म्हणाले होते.

मग ब्रेकमधली हवा काढायचं काम आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, याला दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन नळीतून हवा आणि तेल सोडायचं. वरचं बोलणं खाली ऐकू जात नाही, म्हणून आम्ही एसटीच्या घंटीची खूण ठरवली. पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल, दाब. एक थाप म्हणजे थांब.

भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी दाबत होते, सोडत होते. आणि माझ्या डोक्यामागे, केबिनच्या पाठीच्या पत्र्यावर, थाप पडली. एकच. मी थांबले.

"का थांबलीस?" हे खालून ओरडले.

"तुम्हीच तर थाप दिलीत."

हे बाहेर सरकले. एका हातात पाना, दुसऱ्या हातात नळी आणि बाटली. "दोन्ही हात गुंतलेत. तिसरा कुठून आणू?"

मला वाटलं, मंजू असेल. पण मंजूची शाळा दुपारची, ती शाळेत होती.

त्या आठवड्यात हे तीनदा झालं. इंजिनाचं काम करताना कधी नाही, दिव्यांच्या वायरी जोडताना नाही... फक्त ब्रेकच्या वेळी, आणि दर वेळी एकच थाप. थापेमागोमाग बांगड्या किणकिणल्यासारख्या वाटायच्या. मी म्हटलं, माझ्याच असतील. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम हाताकडे पाहिलं, तर हात मोकळा होता. ग्रीस लागतं म्हणून मी बांगड्या काढून आत खुंटीला अडकवल्या होत्या.

ह्यांचं उत्तर तयार होतं. उन्हाने पत्रा ताणतो आणि असा आवाज येतो. मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं, कारण सहा-सात महिने घरात पगार नव्हता आणि गाडी रस्त्यावर जायला हवी होती.

सासूबाईंनी कॅलेंडर बघून सोमवार काढला. गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी अंगणाच्या टोकाला, तोंड उताराकडे. हँडब्रेकची केबल अजून मिळायची होती. रोज चाकाला मोठा दगड लावलेला असायचा, तो पूजेच्या वेळी काढला. पहिली फेरी राजोडीला न्यायची असं ठरलं होतं, कारण काशिनाथकाकांनी ह्यांना सांगून ठेवलं होतं, "चालू झाली का एकदा दाखवा." सासूबाई आणि मंजू हौसेने मागे हौद्यात बसल्या, अगदी शेवटच्या फळीला टेकून. मी पुढे ह्यांच्या शेजारी. बाराला दहा कमी होते.

ह्यांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, क्लच सोडायला घेतला... आणि पत्र्यावर थाप पडली. एक.

हे थांबले. खिडकीतून मागे वळून मंजूला रागावले. मंजू आजीच्या मांडीवर होती, केबिनपासून चांगली सहा फूट लांब. "मी नाही बाबा," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा बघून मला कळलं की आवाज तिनेही ऐकला होता.

ह्यांनी परत क्लच सोडायला घेतला. परत थाप. या वेळी इतक्या जोरात की आरसा हलला.

मी दार उघडून खाली उतरले. मी म्हटलं, "आधी आईंना आणि मंजूला उतरवा. मग काय ते."

"अगं पण काय बघायचं राहिलंय? ब्रेक बघायचाय? हा बघ ब्रेक." ह्यांचा पारा चढला होता. रागारागात, होता नव्हता तेवढा जोर लावून ह्यांनी पाय दाबला.

खालून फस्स आवाज आला. ब्रेकचं पेडल सरळ तळाला टेकलं आणि वर आलंच नाही.

मी धावत जाऊन चाकापुढे दगड लावला. सासूबाई मंजूला घेऊन उतरल्या. तेवढ्यात खाली सकाळची शाळा सुटल्याची घंटा झाली आणि फाटकातून मुलं बाहेर पडली... नेहमीसारखी, रस्ता ओलांडत, धक्काबुक्की करत, सगळी आमच्या उताराच्या तोंडाशी. आम्ही चौघं वर उभे राहून बघत होतो. मी तिथेच मातीत बसले. कोणाला काही झालं नाही, कोणाला काही झालं नाही, असं मी किती वेळ पुटपुटत होते कोण जाणे. ह्यांनी मंजूला कडेवर उचललं ते दिवे लागेपर्यंत खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ब्रेकचं तेल नेणारी मागची लोखंडी नळी काढली. जिथे हौद्यातलं खारट पाणी वर्षानुवर्षं टपकत होतं, बरोबर तिथे, नळी धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या आत ती गंजून कुजली होती. वरून काळाभोर नवा रंग. बोटाने दाबली तर चुरा झाला. हळू दाबलेला ब्रेक तिने सहन केला होता, उतारावर जोरात दाबला असता तेव्हा मात्र फुटलीच असती. हे कितीतरी वेळ ती नळी हातात घेऊन पायरीवर बसले होते. "मी फिटर ना गं... आणि गंजावर रंग दिला," असं दोन-तीनदा म्हणाले. मी पहिल्यांदाच ह्यांना टोमणा मारला नाही.

नवी नळी टाकली, हँडब्रेकची केबल टाकली, आणि मग आम्ही दोघं बसने राजोडीला गेलो. मी आधीच ठरवलं होतं, काकांना काहीही सांगायचं नाही, फक्त विचारायचं. काका ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "काका, गाडीच्या मागे हौद्यात कोण बसायचं हो?"

"हिरा," म्हणाले. "माझी बायको. टोपल्या धरून बसायची, पत्र्याला पाठ लावून. मला आरशात टोपल्याच दिसायच्या. तिच्या हातावर गाडी चालायची आमची. एक थाप, थांबायचं. दोन, निंगायचं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, अंगणातल्या थापा, सोमवारची गोष्ट, नळी, शाळेतली मुलं. बांगड्यांचं मात्र राहून गेलं.

काकांनी एकच विचारलं, "बांगड्या वाजल्या?"

मी मान हलवली.

म्हातारा हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. "ती गेल्यावर मी गाडीत बसायचो, चावी फिरवायचो, आनि बसून ऱ्हायचो. मागून दोन वाजायच्या नाहीत, माझ्यानं गाडी हलायची नाही. म्हनून विकली. मी तिला घरात हुडकतोय, आनि ही बाय गाडीत बसून तुमच्याकडं गेलेली." मग त्यांनी डोळे पुसले आणि ह्यांना म्हणाले, "दोन वाजल्याबिगर हालू नका."

पुढच्या सोमवारी सासूबाईंनी परत पूजा मांडली. आधीची चारही लिंबं तशीच, न चिरडलेली पडून होती, ती त्यांनी विहिरीत टाकली आणि नवी ठेवली. मी सरबतवाली बाई, पण त्या दिवशी लिंबं मीच आणून दिली होती. या वेळी मागे कोणालाही बसू दिलं नाही. सासूबाई आणि मंजू पायरीवर उभ्या राहिल्या. हौदा रिकामा, मी स्वतः वर चढून पाहिला होता.

ह्यांनी इंजिन सुरू केलं. गिअर टाकला. आणि क्लच दाबून बसून राहिले. तोंडाने म्हणत होते, इंजिन जरा गरम होऊ दे.

दोन थापा पडल्या. हलक्या, एकामागे एक, आणि बांगड्या.

पायरीवरून मंजूने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी माझ्याकडे न बघता क्लच सोडला. लिंबं फटफट फुटली आणि आमची गाडी उतार उतरून, ब्रेकवर नीट थांबून, रस्त्याला लागली. मला इतकं हलकं वाटलं की राजोडी येईपर्यंत मी बडबड करत होते आणि हे चक्क ऐकत होते.

त्यानंतर थाप कधी आली नाही. गाडीने सात वर्षं आम्हाला पोसलं, आम्ही गावाला परत गेलो नाही, मंजूची दहावी झाली. काका अधूनमधून यायचे, हौद्यावर हात फिरवायचे आणि चहा पिऊन जायचे. पत्रा तापतो म्हणावं तर रोजच तापत होता. बरं, पत्र्याला एक आणि दोन यातला फरक कसा कळणार?

ह्यांना विचारलंत तर अजूनही ते पत्र्याचंच सांगतील. पण त्या सात वर्षांत, रोज सकाळी अंगणातून निघताना, गिअर टाकला की हे एक क्षण थांबायचे आणि आरशातून मागच्या हौद्यात बघायचे. मी विचारलं की म्हणायचे, ट्रॅफिक बघतोय. आमचं घर गल्लीतलं शेवटचं होतं, मागे फक्त डोंगर होता.