वुमिलियाच्या नावाचा ब्रेकर

आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव संपतं. ती अमक्याची आई होते आणि मरेपर्यंत अमक्याची आईच राहते. मूल परदेशी जावो, वाया जावो, मातीत जावो, नाव बदलत नाही. उलट मूल गेल्यावर लोक ते नाव जास्तच जपून घेतात. अशा बाईला तिच्या बारशाच्या नावानं हाक मारणं म्हणजे तिला तोंडावर वांझ म्हणण्यासारखं आहे. इतकं वाईट आमच्यात दारुडेसुद्धा बोलत नाहीत.

ओडिलिया किविके ही म्हणून वुमिलियाची आई. नवरा दार-ए-सलामच्या बंदरात हमालीला गेला आणि तिकडचाच झाला. मूल एकच. मी गावच्या शाळेत शिकवत होते तेव्हा वुमिलिया माझ्या वर्गात होती. हुशार नव्हती. मेलेल्या मुलांना लोक हुशार करून टाकतात, म्हणून सांगते. बडबडी होती, आणि पळायची छान.

मकुयुनी हे आमचं गाव दार-ए-सलामहून म्बेयाला जाणाऱ्या महामार्गावर, बरोबर मधोमध. मधोमध असणं हाच गावाचा गुन्हा ठरला. रात्री अपघात फार होतात म्हणून सरकारनं प्रवासी बसना रात्री रस्त्यावर यायला बंदी केली. ऐकायला शहाणपणाचं. मग सगळ्या बस दोन्ही टोकांकडून पहाटेच सुटू लागल्या आणि अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून जीव खाऊन पळू लागल्या. दोन्हीकडचे घोळके भर दुपारी आमच्या गावात समोरासमोर यायचे. त्याच वेळी शाळेची मधली सुट्टी व्हायची आणि पोरं रस्ता ओलांडून घरी मक्याच्या पिठाची उगाली खायला धावायची. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. राजधानीतल्या शहाण्यांना आमच्या शाळेची घंटा कधी होते हे माहीत असायचं काही कारण नाही. रात्रीचे अपघात थांबले, एवढं खरं. ते दुपारी होऊ लागले.

वुमिलिया अशाच एका दुपारी गेली. एक बस गेल्यावर ती धावली आणि दुसरी समोरून आली. बस थांबली नाही.

आमच्यात माणूस गेलं की गावच्या बायका मेल्या घरी जाऊन अंगणात चटया टाकतात आणि दुखवटा संपेपर्यंत तिथंच बसतात, तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबायचं, चपला काढायच्या, "पोले, पोले" म्हणत चटईच्या कडेला टेकायचं आणि काहीतरी हातावर ठेवायचं. दुखवट्यापुढून न थांबता जाणारा माणूस कुत्र्याच्या पंगतीतला. हे फक्त आमच्या भागात नाही, अख्ख्या देशात आहे.

पुरून आल्यावर वुमिलियाच्या आईनं आपली चटई गुंडाळली, काखेत मारली आणि महामार्गावर नेऊन डांबरावर पसरली. तिची नणंद स्कोलास्टिका तिच्या मागोमाग गेली. मग बाकीच्या. थोड्याच वेळात रस्ताभर चटया आणि चटयांवर बायका.

दोन्ही बाजूंना बसची रांग लागली. कंडक्टर शिव्या देत उतरले आणि चटया बघून गप्प झाले. प्रवासी उतरले. म्बेयाच्या एका जाड्या व्यापाऱ्यानं बसच्या टपावरून तांदळाचं पोतं उतरवून घेतलं आणि चटईशी आणून ठेवलं. चपला काढून तो बसला, मग त्याच्या बसचा ड्रायव्हरही बसला. शेवटी पोलीस इन्स्पेक्टर आला.

"आई, उठा. हा महामार्ग आहे."

"आम्हाला काय माहीत साहेब," स्कोलास्टिका म्हणाली. "आमच्या पोरीला वाटलं शाळेचा रस्ता आहे."

"तुमचं म्हणणं काय आहे ते लिहून द्या. वर पाठवतो."

"आधी टोपी काढ. आईनं काही शिकवलंय की नाही?"

इन्स्पेक्टरनं टोपी काढली आणि बसला. काय करणार? दुखवट्यातल्या बायकांवर काठी उचलली असती तर त्याला त्याच्या आईनं घरात घेतलं नसतं. बसल्यावर त्यानं वुमिलियाच्या आईला विचारलं, काय हवंय. ती पहिल्यांदाच बोलली. "इथं गाडी चालत गेली पाहिजे. माणसासारखी."

अशा रीतीनं आमच्या गावाला स्पीडब्रेकर मिळाला. चांगला उंच, मेलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्याला सगळे वुमिलिया म्हणू लागले. गावाचं नाव मागे पडलं. कंडक्टर लांबूनच बसच्या पत्र्यावर थापा मारत ओरडायचे, "वुमिलिया! वुमिलिया आलं! सांभाळा डोकी!" त्यानंतर शाळेचं एकही पोर तिथं मेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, ब्रेकर चुकीचाच होता.

वुमिलियाची आई रोज सकाळी झाडू घेऊन यायची आणि ब्रेकर झाडायची. कबर शेतापलीकडे होती, तिकडे ती फारशी जात नसे. दुपारी बसच्या वेळी झाडाखाली येऊन बसायची. ती पोरीचं नाव ऐकायला येते हे मला कळायला बराच काळ लागला. विचारलं तर म्हणाली, "घरी कोण घेतंय तिचं नाव? इथं रोज परके लोक घेतात."

आता गाडी चालत जाऊ लागली की माणूस तिला काहीतरी विकणारच. आधी स्कोलास्टिका कांद्याचं घमेलं घेऊन उभी राहिली. मग पेलाजिया उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. मग डोंगरापलीकडच्या गावांतून बायका येऊ लागल्या. कांदे, केळी, भाजलेली कणसं, लाल साखर लावलेल्या बाओबाबच्या आंबट बिया. ज्या घरांवर गवत होतं तिथं पत्रे आले. बाप्ये बांबूची दारू पीत बसायचे ते तसेच बसले, फक्त आता दारू बायकांच्या पैशाची होती.

कांद्याच्या सालांवरून नणंद-भावजयीत रोज वाजायचं.

"माझ्या पोरीच्या अंगावर घाण टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं, स्कोला?"

"वहिनी, तुझ्या पोरीनं माझ्या घरावर पत्रा घातला. माझ्या नवऱ्याला नाही जमलं ते. सालं मी झाडीन, तू बस."

"तू झाडशील! आधी घरचा उंबरा झाड."

"उंबऱ्याला बस थांबली तर तोही झाडीन."

हसायची सवय स्कोलास्टिकाला होती. वुमिलियाच्या आईला नव्हती, पण नणंद बोलली की तिच्याही ओठाचा कोपरा हलायचा.

मग सरकारला पुन्हा शहाणपण सुचलं. सगळ्या बसमध्ये एक यंत्र बसवलं. वेग वाढला की यंत्र वर चुगली करतं आणि ड्रायव्हरला दंड होतो. हेही ऐकायला चांगलंच. पण अंधाराआधी पोचायची सक्ती होती तशीच राहिली. धावून वेळ भरून काढता येईना, तेव्हा ड्रायव्हर तो दुसरीकडे वाचवू लागले. म्हणजे ब्रेकरवर. ब्रेकर फक्त डांबरावर होता. बाजूची मातीची कड मोकळी होती, आणि रोज शेकडो पावलं पडून ती अंगणासारखी घट्ट, सपाट झाली होती. ती आमच्याच बायकांनी सपाट केली होती. ड्रायव्हरांनी एका बाजूची चाकं त्या कडेवर घालायला सुरुवात केली आणि काही दिवसांत अख्खी बसच कडेवरून जाऊ लागली.

बायका आधी ओरडल्या. मग सवय झाली. बस अंगावर आली की घमेलं उचलायचं, दोन पावलं मागे व्हायचं, ड्रायव्हरच्या आईचा उद्धार करायचा आणि पुन्हा पुढे यायचं. मी म्हटलं, कडेला मोठे दगड रचा. रचले. पेलाजियानंच ते आठवड्याभरात ढकलून दिले.

"दगडांवर मी काय बसू का बाई? घमेलं कुठं ठेवू?"

"मेलीस की कळेल."

"तुमच्या तोंडात साखर पडो."

वुमिलियाच्या आईनं ते दगड एकटीनं परत आणून लावले. ते पुन्हा ढकलले गेले. तिनं पुन्हा लावले. स्कोलास्टिका तिला म्हणाली, "वहिनी, तुझ्या वाट्याची काळजी तुझी करून झाली. आता आमचं आम्हाला बघू दे."

ज्या दुपारी ते झालं त्या दुपारी स्कोलास्टिका एका थांबलेल्या बसच्या खिडकीशी होती. दोन्ही हात वर, हातात कांद्याची जाळी, आणि आतली एक बाई भाव पाडत होती. "एवढ्यात तर मी तुला सालंच देईन," असं स्कोलास्टिका म्हणाली आणि आतले लोक हसले. मागून आलेली बस थांबलेल्या बसला वळसा घालून कडेवरून निघाली. त्या बसकडे स्कोलास्टिकाची पाठ होती. तिला मागे सरकायला जागाही नव्हती, मागे बस होती आणि पुढे बस होती.

वुमिलियाची आई झाडाखाली होती. तिनं सगळं पाहिलं. कंडक्टर तेव्हाही ओरडत होता, "वुमिलिया! वुमिलिया!"

मी स्कोलास्टिकाच्या दुखवट्याला गेले तेव्हा चटया अंगणात होत्या. रस्त्यावर कुणी नेल्या नव्हत्या. वुमिलियाच्या आईनं आपली गुंडाळली आणि उठली, तर पेलाजियानं तिचा हात धरला. "रस्ता अडवलास तर बस दुसऱ्या गावात थांबायला शिकतील. बस खाली." ती बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातल्या निम्म्या चटया रिकाम्या होत्या. बायका ब्रेकरवर गेल्या होत्या. कांदा नासतो, हे मलाही कळतं. तरी मला त्या रिकाम्या चटया बघवल्या नाहीत.

पुढे रस्ते खात्याचा इंजिनियर आला. तरुण होता, घाईत होता. गाव झाडाखाली जमलं. तो म्हणाला, कडेला लोखंडी खांब रोवायला खात्याकडे पैसा नाही. एक तर ब्रेकर असाच राहील, नाहीतर काढता येईल. काय ते सांगा. कुणी काही बोलेना. तेव्हा त्यानं जबाबदारी झटकायची सोपी वाट काढली. "हा ज्या बाईनं मागितला तिनंच सांगावं."

सगळ्यांनी वुमिलियाच्या आईकडे पाहिलं. ती नणंदेचा छापील कांगा पदरासारखा डोक्यावरून घेऊन बसली होती.

"वुमिलियाची आई," पेलाजिया म्हणाली, "विचार करून बोल. तुझ्या पोरीच्या नावावर अख्खं गाव जेवतंय."

"राहिला तर अजून कोण मरेल?" तिनं इंजिनियरला विचारलं.

"ते मी कसं सांगू?"

"काढला तर पोरं मरतील?"

"यंत्रं आहेत आता बसमध्ये. पूर्वीसारख्या धावत नाहीत."

"तुमचं पोर याच शाळेत असतं तर काय केलं असतं?"

इंजिनियर मोबाईलकडे बघायला लागला.

"फोडा," ती म्हणाली.

"अगं ए!" पेलाजिया किंचाळली. "पोरगी तुझी होती, पण ब्रेकर आमचा आहे! माझ्या घरात पाच तोंडं आहेत!"

"स्कोलाच्या घरात किती आहेत?"

"स्कोला असती तर तुझ्या थोबाडीत मारली असती!"

"असती तर," वुमिलियाची आई म्हणाली. "मी तो कुणी मरू नये म्हणून मागितला होता. कांद्यासाठी नव्हता मागितला."

मशीन आलं आणि जेवणवेळेच्या आत म्हशीची पाठ सपाट झाली. नवं डांबर घातलं. बस सुसाट नाही, पण न थांबता जाऊ लागल्या. डोंगरापलीकडच्या बायका आल्या वाटेनं परत गेल्या. आमच्यातल्या काही घमेली घेऊन पुढच्या गावच्या ब्रेकरवर गेल्या. तिथल्या बायकांनी त्यांना हुसकून लावलं. त्या वर्षी शाळेच्या पटावरची बरीच पोरं गळाली. कुणाची ते मला विचारू नका, मी त्यांच्या घरी जाऊन आले आहे.

पहिल्यांदा ते पाणवठ्यावर घडलं. वुमिलियाची आई बादली घेऊन आली. पेलाजिया बाजूला झाली आणि सरळ म्हणाली, "ये ओडिलिया, भर पाणी."

सगळ्या बायका थांबल्या. कुणीतरी पेलाजियाला गप्प करेल असं मला वाटलं. कुणी केलं नाही. दुसरी म्हणाली, "हो, भर, ओडिलिया." तिनं बादली भरली आणि गेली. तेव्हापासून गावात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. मी अजून वुमिलियाची आईच म्हणते, पण मी म्हातारी, माझं कोण मोजतं. ज्या बायका तिच्या पोरीसाठी डांबरावर बसल्या होत्या त्याच या. मी पेलाजियाला सुनावलं तर म्हणाली, "पोरीला तिनंच फोडून टाकलं बाई. आम्ही नाही."

कंडक्टर मात्र सवयीनं अजून पत्र्यावर थाप मारून ओरडत जायचे. धावत्या बसमधून अर्धंच नाव ऐकू यायचं. ती झाडाखालून हात वर करायची.

अलीकडे सरकारनं रात्रीची बंदीच उठवली. आता बस वाटेल तेव्हा निघतात आणि बहुतेक सगळ्या रात्रीच आमच्या गावावरून जातात. प्रवासी झोपलेले, कंडक्टर झोपलेला. दुपारी रस्ता रिकामा असतो. मधल्या सुट्टीत पोरं रमतगमत ओलांडतात, मधेच उभी राहून भांडतात. एवढं सोपं होतं सगळं. वरच्या कुणीतरी एक सही केली आणि झालं. ती सही आधी केली असती तर, असं मी पूर्वी बोलायचे. आता सोडून दिलं.

ती अजून सकाळी येते आणि ब्रेकर होता तेवढाच पट्टा झाडते. तिथलं डांबर जरा जास्त काळं आहे. परवा पहिलीतली एक मुलगी दप्तर खांद्यावर टाकून तिच्यापाशी थांबली.

"आजी, तुझं नाव काय?"

"वुमिलियाची आई."

"वुमिलिया कुठंय?"

तिनं झाडूच्या टोकानं डांबर दाखवलं. मुलीनं वाकून नीट पाहिलं. तिला तिथं काही दिसलं नाही. भूक लागली होती, ती घरी गेली.