सापांच्या बाजूचे मामा

सापांची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा माणूस अख्ख्या भोपाळात एकच होता, आणि नेमके ते माझे मामेसासरे निघाले. मूळचे नागपूरचे, कारखान्यात इंजिनीअर, उभी हयात कारखान्याच्याच बरखेडा वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये काढलेली. लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी नमस्काराला वाकले आणि थोड्याच वेळात ते माझ्याही खाली गेले. साप कसा चालतो हा विषय निघाला होता. त्यांच्या घरी तो निघायला निमित्त लागत नसे. इस्त्रीच्या बुशशर्टासकट मामा जमिनीवर पालथे पडले आणि वळवळू लागले. "बघ सूनबाई, लोकांना वाटतं साप नुसता वळवळतो. अगं, नुसतं वळवळून पुढे जाता येत असतं तर आमचं डिपार्टमेंट कुठल्या कुठे गेलं असतं! तो अंगाच्या कडेनं रेटा देतो. खडा, गवताचं बूड, जमिनीचा उंचवटा, जे मिळेल त्याला रेटतो आणि पुढे सरकतो." मामी चहाचा ट्रे घेऊन त्यांना ओलांडत म्हणाल्या, "अहो, पोरगी पहिल्यांदा आली आहे. तिला निदान माणसासारखे भेटा."

अरुंद बिळात साप अंग गोळा करून कडांना घट्ट टेकतो आणि मग पुढचा भाग लांबवतो, हे पटवायला मामा पायजम्यात नाडी ओवून दाखवत, तेही पंगतीत. अजगर पोटाच्या खवल्यांवर सरळ रेषेत जातो. ते मात्र त्यांना करून दाखवता येत नसे आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. साप डूख धरतो असं कोणी म्हटलं की ते विचारत, "डूख धरायला लक्षात ठेवावं लागतं. मला काल कोणती भाजी खाल्ली ते आठवत नाही, त्या गरिबाला तुमचा चेहरा कशाला आठवेल?" एका नागपंचमीला दारात गारुडी आला. मामांनी त्याची पुंगी बाजूला ठेवली आणि नागासमोर, लांबून, नुसताच टॉवेल हलवला. नाग तसाच डोलला. "बघा, गाणं नाही, तो हलणारी वस्तू बघतोय. दूधही पीत नाही, तहानेनं व्याकूळ करून पाजतात." गारुडी हात जोडून म्हणाला, "बाबूजी, क्यों पेट पर लात मारते हो?" मामा ओशाळले. मग त्याला आत बसवून पुरणाची दिंडं खाऊ घातली, आणि तो जेवत असताना पुन्हा तेच समजावलं.

आम्ही सगळे हसायचो. त्या चैत्रातल्या हळदीकुंकवापर्यंत.

तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलची फरशी नुकतीच पॉलिश केली होती, अगदी चेहरा दिसेल अशी. आंब्याची डाळ वाटली जात असतानाच स्टेजमागून एक लांबलचक साप बाहेर आला. बायका किंचाळत खुर्च्यांवर चढल्या. कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं. त्यांच्या पायांपासून हातभरावर साप जोरजोरात आपटत होता, वेटोळी घालत होता. "गुस्से में है! काटेगा!" म्हणत चौकीदार लाठी उगारून धावला. नेम चुकला असता तर लाठी आजींच्या पायावरच बसली असती.

डाळीचं पातेलं पोचवायला आलेले मामा दारातूनच ओरडले, "रुको! चिडली नाहीये ती, घसरते आहे! धामण आहे, विष नसतं तिला. आजी, पाय हलवू नका." "तिला टेकायला काही नाही हो इथे. सूनबाई, सतरंजी!"

मी खुर्चीवरून उतरले. कशी उतरले ते माझं मलाच ठाऊक. आम्ही दोघांनी सतरंजीचं एक टोक हलकेच धामणीपर्यंत सरकवलं आणि दुसरं मागच्या दाराशी नेलं. जाड सुताला अंग लागलं मात्र, तिची तडफड थांबली. एक वळण, दुसरं वळण, आणि ओघळ वाहावा तशी ती सरळ दाराबाहेर गेली. मग आजीच म्हणाल्या, "अगं बाई, किती सुरेख चालते!" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत सापाबद्दल असं कुणी त्यांच्यापाशी म्हटलं नव्हतं.

पुढे मामा निवृत्त झाले. ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि हे परसात पेरूखाली उभे. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "या दगडांत एक कुकरी राहते, छोटासा साप. बिनविषारी आहे. पण लोक तिला मण्यार समजून मारतात. नवीन बिऱ्हाड आलं की तेवढं सांगशील?"

मी हो म्हटलं. नागपूरहून त्यांचा फोन यायचा, "आलं का कुणी?" मी नाही म्हणायचे. सुरुवातीला ते खूश व्हायचे, "चला, बरं आहे तिचं." पण कारखान्यात भरती थांबली, शेजारची क्वार्टर्सही एकेक करून बंद झाली, आणि त्यांचा प्रश्न हळूहळू बदलला. "अजून कुणीच नाही?" एवढंच विचारून ते फोन ठेवायचे.

आता तो फोन येत नाही. पण त्या रस्त्यानं जाताना मी अजून खिडक्यांकडे बघते. एखादा पडदा दिसला, तर आत जाऊन सांगायचं आहे.