पू की वासरू

गाईच्या पाठीमागून खांद्यापर्यंत हात आत घालणे, हा माझा धंदा. आईला तो नातेवाइकांत सांगायची लाज वाटे. "सरकारी नोकरीत आहे" एवढ्यावरच ती विषय मिटवायची. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा अचंबाच वाटत आलाय. डोळ्यांना काही दिसत नाही. आतड्याच्या भिंतीपलीकडे बोटांना गर्भाशय लागतं आणि जे काय ओळखायचं ते त्या बोटांनीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दौंड तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून मोपेडवरून हेच करत हिंडत होते.

खुटबावच्या एका घरून बोलावणं आलं. गाय गाभण आहे, तेवढी खात्री करून द्या. गाय घरच्या सुनेची, पाबळच्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेली. वडील नंतर लवकरच गेले, त्यामुळे माहेरचं म्हणून जे काही होतं ते ही गायच. सासरे, म्हणजे आबा, बेफिकीर होते. "माजावर येईना, म्हंजी गाभणच की!"

मी हात घातला. गर्भाशय भरलेलं होतं खरं, पण कणकेच्या गोळ्यासारखं जड आणि गप्प. वासरू नव्हतं, पू होता. पू भरला की शरीरही फसतं. पोटात गर्भ आहे असं समजून माज थांबवतं. मी हे सांगितलं तेव्हा दाराशी उभ्या सुनेचा चेहरा खर्रकन उतरला.

"मागच्या वेताला वासरामागून वार नीट पडली होती का?"

"लोंबत व्हती. मग वजनानं पडावी म्हून तिला अर्धी वीट बांधली," आबा म्हणाले. "सगळेच बांधत्यात."

"विटेनं अर्धी वार तुटली, अर्धी आत सडली. आणि खायला काय घातलं?"

"बाळंतिणीला वलं देत्यात व्हय? अंधारात बांधली, कोरडा कडबा घातला."

माझं डोकंच फिरलं. माणसाच्या बाळंतपणाची सगळी पथ्यं त्यांनी गाईला लावली होती, तीही मायेनं! रागाच्या भरात मी तिथंच शिकवणी घेतली. व्याल्यावर गर्भाशयात जंतू शिरतातच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्यांना मारायला एक जहाल रसायन सोडतात, आगच म्हणा ना. ती आग विझवायचं सामान गाईला हिरव्या चाऱ्यातून मिळतं. ते नसलं की जंतूंबरोबर गर्भाशयाचं अस्तरही होरपळतं. पुस्तकात याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मी ते नाव घेतलं नाही, पण सांगता सांगता माझाच राग ओसरला. आपल्याला वाचवणारी आग आपल्यालाच जाळू शकते आणि गवताची एक पेंढी तिला आवरते, हे मला आजही खरं वाटत नाही.

औषधं दिली, पू काढला, हिरवा घास आणि ऊन सुरू झालं. सून रोज बांधावरून घास कापून आणी. गाय माजावर आली, रेतन करून भरवली. नंतर तपासायला बोलवा असं मी बजावलं होतं, पण बोलावलं कोणीच नाही. काही महिन्यांनी सुनेचाच निरोप आला, लगेच या. गेले तर फाटकात गाय न्यायला टेम्पो उभा.

"पुन्हा माज बंद झालाय," आबा म्हणाले. "पू भरला आसंल. भाकड गाय किती दिस पोसायची?"

मी हात घातला. गर्भाशय भरलेलं, खाली ओटीपोटात उतरलेलं. बोटं बाजूच्या धमनीवर गेली. एरवी ही धमनी ठोके देते. गर्भ वाढू लागला की तिच्यातून इतकं रक्त धावतं की ठोका उरतच नाही, ती थरथरत राहते. माझ्या बोटांखाली ती थरथरत होती. कितीदा तरी अनुभवलंय हे, पण दर वेळी अंगावर काटा येतो.

"गाभण आहे."

"मागं बी भरल्यालंच व्हतं की," आबा हटेनात.

"मग घाला कुणीतरी हात!" मी कडाडले. आबा जागचे हलले नाहीत. सूनच पदर खोचून पुढं आली. मी तिला हातमोजा चढवला, तेल लावलं, कुठं नि कसं ते सांगितलं. बराच वेळ ती चाचपत राहिली. मग तिचा हात एका जागी थांबला.

"डॉक्टरीणबाई, हे झऱ्यावानी काय पळतंय?"

"वासराला रक्त चाललंय."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. आबा तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. मग ते वळले. फाटकापाशी जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा तू."

टेम्पो वळून डांबरी रस्त्याला लागला. गाय चुळबुळ करू लागली तशी मी सुनेला म्हटलं, आता हात काढ. ती म्हणाली, "थांबा की जरा."